खांद्याची फिर्याद

खांदा दुखू लागला की जेथे कळ उठते तेथेच तेल चोळावे, शेक द्यावा आणि गुण आला नाही की वयाला बोल लावावा, असा आपला रिवाज आहे. परंतु फिर्यादीच्या घरीच अपराधी सापडतो असे नाही, हे न्यायकचेरीइतकेच शरीराच्या बाबतीतही खरे आहे.

खवाटा हे पाठीवरचे त्रिकोणी, चपटे हाड धडाच्या सांगाड्याशी केवळ मानेखालच्या आडव्या हाडाच्या द्वारे जोडलेले असून एरवी ते स्नायूंच्याच आधाराने बरगड्यांवरून सरकते. आणि हात पूर्ण वर नेताना ढोबळमानाने 120 अंशांची गती खांद्याच्या सांध्यात, तर 60 अंशांची या खवाट्याच्या फिरण्यातून उत्पन्न होते. दिवसचे दिवस मेजावर किंवा संगणकापुढे वाकून काम करणाऱ्याच्या छातीतला, तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून खवाट्याच्या पुढच्या टोकाशी गेलेला लहानसा स्नायू आखडला, म्हणजे तो खवाट्याला पुढे झुकवून धरतो. आणि मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून उतरणारा स्नायू ताठरला, म्हणजे तो खवाट्याचा आतला कोपरा वर खेचून त्याच्या स्वाभाविक फिरण्यास विरोध करतो. मग वरच्या फळीवरचे दप्तर काढताना हाताच्या आधी खांदाच कानाकडे चढतो, मान अवघडते आणि पुष्कळदा कळही तेथेच उठते.

म्हणूनच ‘ताठ बस’ हा घरोघरचा हुकूम निष्फळ ठरतो, कारण आखडलेला स्नायू निग्रहाने क्षणभर मागे ओढला तरी लक्ष ढळताच पूर्ववत होतो. दाराच्या चौकटीला हात टेकून छाती हळूहळू ताणावी, मान सावकाश सैल करावी आणि भिंतीला तळवे टेकून जोर काढीत खवाटा फिरवणाऱ्या स्नायूंना बळ आणावे, हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. मात्र हाताला बधिरता आली असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर वैद्यकीय तपासणीस विलंब लावू नये.

परंतु सारा भार व्यक्तीच्या शिस्तीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ज्या कचेऱ्या माणसांना तासन्‌तास खुर्चीला खिळवून ठेवतात, त्यांनीच दर तासाला उठून हात उंचावण्याची सवड कामाच्या वेळेतच नियमाने द्यावी, आणि या सवडीला कामचुकारपणा न मानता कामाचाच अवश्य भाग मानावे.