दाराला किंमत, दार काढणाऱ्याला हजेरी

गेल्या वर्षी ऑफिसातल्या मंडळींबरोबर पुण्यातल्या एका नव्या कॅफेत गेलो होतो. तिथे भिंतीला टेकवून एक जुनं सागवानी दार चौकटीसकट उभं केलं होतं. सोबतचा एकजण म्हणाला, "जुन्या वाड्यातलं आहे हे, रिक्लेम्ड वुड. काय कारागिरी होती बघ त्या काळी!" सगळ्यांनी फोटो काढले. मी चौकटीचा वरचा कोपरा बघत होतो. तिथे पहारीचा एक ओरखडा नव्हता. ज्याने हे दार भिंतीतून सोडवलं, त्याचा हात बसलेला होता. माझ्या बापाचा हात असाच बसलेला आहे.

हे मी त्या टेबलावर बोललो नाही. "वडील काय करतात?" या प्रश्नाला मी कॉलेजपासून "कन्स्ट्रक्शन लाईनमध्ये आहेत" असं उत्तर देत आलोय. खरं म्हणजे आबा पाडकाम करतात. आई पाडलेल्या घरांच्या विटा साफ करायची. आमच्या घरातली पहिली पदवी या दोन कामांच्या पैशावर झाली. त्या अर्धवट उत्तराची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

लोकांना वाटतं, पाडकाम म्हणजे घण मारायचा आणि भिंत खाली आणायची. माल वाचवायचा असेल तर घर पाडत नाहीत, उतरवतात. आधी कौलं, मग रिपा आणि वासे, मग माडीच्या फळ्या, मग तुळया आणि शेवटी खांब. क्रम चुकला तर भिंत माणसाच्या अंगावर येते. चौकट काढायची तर आधी तिच्यावरचा भार उतरवावा लागतो. काढलेल्या लाकडातला प्रत्येक खिळा उपटावा लागतो, कारण एक खिळा आत राहिला तर करवतीचं पातं जातं. आबा तुळईवर हातोडीने टिचकी मारतात आणि आवाजावरून सांगतात की आतून वाळवी लागलीय का. आईला विटेच्या वजनावरून ती पुन्हा भिंतीत चालेल की नाही ते कळायचं. चुन्यातली वीट सहज सुटते, सिमेंटमधली फुटते. म्हणून चुन्याचं बांधकाम निघालं की ती खूश असायची. तिला हिशेब नगावर मिळायचा आणि फुटलेली वीट हिशेबात नसायची.

आता पैशाचं बघू. जुनं घर पाडायचं तर बऱ्याचदा पाडकामाचा ठेकेदारच मालकाला किंवा बिल्डरला एकरकमी पैसे देतो आणि निघेल तो माल त्याचा होतो. लाकूड, लोखंडी गर्डर, फरशी, कौलं, दारं-खिडक्या सगळं त्याच्या गोदामात जातं. चांगली तुळई फोडली न जाता अखंड निघाली तर तिची किंमत कितीतरी वाढते. ती अखंड काढणाऱ्याला मात्र तीच हजेरी मिळते. वर धूळ छातीत जाते, खिळा पायात जातो, त्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

यात जात कुठे आली, असं कोणी विचारेल. गोदाम कोणाकडे आहे, ठेक्यासाठी रोकड कोणाकडे आहे, वाडा विकायला निघाला की पहिला फोन कोणाला जातो आणि माळ्यावर चढून वासे कोण सोडवतं, हे एकदा जागेवर जाऊन बघावं. ज्या वाड्यांच्या उंबऱ्याच्या आत आमच्या पणज्याला पाऊल टाकता आलं नसतं, ते वाडे उतरवायला आमची माणसं माजघरापर्यंत, देवघरापर्यंत लागतात. जात फक्त कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच वरखाली लावते, ही मांडणी बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये केली. एकच दार आर्किटेक्टच्या तोंडी हेरिटेज होतं आणि आबांच्या हातात भंगार राहतं, ते याच उतरंडीमुळे. हे फक्त पुण्याचं नाही. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या हवेल्यांचे खांब आणि दारं कराईकुडीच्या बाजारातून देशभरच्या बंगल्यांत आणि हॉटेलांत गेली. ती उतरवणाऱ्यांबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

कायद्याला हे काम माहीत आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने व्याख्येतच पाडकाम धरलं. 2016 च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनी मोठ्या कामांवर काँक्रीट, माती, विटा-गिलावा, आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे वेगवेगळे ढीग करायला सांगितलं. आईबापांनी आयुष्यभर तेच केलं. पण कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आबांच्या ठेकेदाराने सांगितलं, "तुम्ही कुठे माझ्याकडे कायम आहात?" आबा गप्प परत आले. मीही गप्प बसलो. दिवसभर कंपनीसाठी ईमेल लिहिणाऱ्या मला बापाच्या कामाचे दिवस लिहून ठेवावेत असं सुचलं नाही.

हे बदलता येतं. 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित बायांनी स्वतःला कामगार म्हणवून घेतलं, ओळखपत्रं मिळवली आणि पुढे त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. त्यांच्या लढ्यात शिकलेली माणसंही सोबत होती. पाडकाम करणाऱ्यांनी एकत्र येऊन स्वतः ठेका घेतला, निदान निघालेल्या मालात वाटा मागितला, तर त्यात अशक्य काय आहे? त्यासाठी भांडवल लागेल, करारनामे वाचावे लागतील, दर लिहावे लागतील. करारनामे वाचणं आणि दर लिहिणं आपल्याला येतं. आपल्या पदवीचा घरच्यांना एवढा तरी उपयोग व्हावा.

मी या कामाचं कौतुक करून ते पुढच्या पिढीच्या गळ्यात घाला असं म्हणत नाही. माझ्या मुलाने माळ्यावर चढू नये. पण जो चढतो त्याला त्याच्या कसबाचे पैसे मिळावेत आणि त्याच्या पोराला त्याचं काम लपवावं लागू नये.

जूनपासून मी मोबाईलमध्ये आबांच्या कामाची नोंद ठेवतोय: तारीख, जागा, ठेकेदार, हजेरी. त्यांच्याबरोबरचे आणखी चौघेही आता संध्याकाळी मला दिवस सांगतात. 90 भरले की पाचही जण मिळून दाखला मागायला जाणार आहेत. मी सोबत असेन. आणि कोणी विचारलं तर सांगेन, माझे वडील पाडकाम करतात.