ज्योतीच्या वर आणि ज्योतीच्या खाली

ज्वारी हुरड्यावर आली की सोलापूरकराचे मन शहरात रमत नाही. ज्यांचे शेत आहे ते शेतावर जातात. ज्यांचे नाही ते एखाद्या स्नेह्याच्या शेताची आठवण काढतात. आणि ज्यांना तेही साधत नाही ते अलीकडे आपल्या इमारतीच्या गच्चीवरच बेत ठरवितात. मात्र गच्चीवरील या आगटीत गोवऱ्या नसतात. लहान सिलिंडर, त्याला जोडलेली शेगडी आणि शेगडीवर स्वतःच्या कल्पनेने घडवून घेतलेली जाळी, असा हा नवा थाट असतो. कणसे, कांदे, भरिताची वांगी, सारे काही तिच्यावर भाजले जाते. या घरगुती कारागिरीविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण तिचा काही भाग कौतुकास पात्र आहे आणि काही भाग जिवावर बेतणारा आहे.

कौतुकाचे आधी सांगू. बाजारातील लहान शेगडी चहाचे आधण आणि डाळीचे पातेले डोळ्यांपुढे ठेवून बनविलेली असते. तिची ज्योत एका कड्यात जळते, त्यामुळे मोठा तवा मधल्या भागात करपतो आणि कडेला थंड राहतो. ज्या गावाने कडक भाकरीचे नाव सर्वदूर नेले, त्या गावास हे कसे मानवावे? म्हणून कोणी ज्योतीवर जाड लोखंडी पत्रा बसवून उष्णता सारखी पसरवितो. कोणी उंची कमीजास्त करता येईल अशी जाळी करून घेतो. कोणी वांग्याचे पाणी बर्नरवर ठिबकू नये म्हणून मध्ये तिरपी पट्टी लावतो. यंत्रमागाचा बिघडलेला भाग हातोहात बदलणाऱ्या जॉबरांचे हे शहर आहे. वस्तू जशी मिळाली तशी निमूटपणे वापरणे त्याच्या स्वभावात नाही, आणि ते नसावेच. सूचना करावयाची ती एवढीच की, जाळीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेऊ नये. तापल्यावर त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो. साधे लोखंड किंवा स्टेनलेस स्टील उत्तम.

परंतु ही कारागिरी ज्योतीच्या वर थांबत नाही, येथे आमची चिंता सुरू होते. ज्योतीच्या खाली जेट आहे, नळी आहे, रेग्युलेटर आहे, सिलिंडर आहे. वरच्या भागात चूक झाली तर वांगे करपते. खालच्या भागात चूक झाली तर घर पेटते. वरचे हवे तसे बदला, खालचे काही बदलू नका, हाच नियम आम्हांस सांगावयाचा आहे.

जेटचेच उदाहरण घ्या. आमच्या लहानपणी घरोघरी पंपाचा स्टोव्ह होता. स्वीडनमध्ये १८९२ साली जन्मलेल्या प्रायमसचा तो वंशज. तो फुरफुरू लागला की पिन घालून छिद्र साफ करीत. स्टोव्ह गेला, पण पिन हातात राहिली. आज ज्योत मंद वाटली की तीच पिन, प्रसंगी बारीक ड्रिलसुद्धा, गॅसच्या जेटमध्ये घातली जाते. आता या गॅसला पुरते जळण्यासाठी स्वतःच्या पंचवीस-तीस पट हवा लागते, आणि जेटचे छिद्र त्या हिशेबाने पाडलेले असते. छिद्र रुंद केले की गॅस वाढतो, हवा मात्र तेवढी मिळत नाही. ज्योत निळ्याची पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला ना रंग ना वास. गच्चीवर तो वाऱ्याबरोबर निघून जातो. पण तीच शेगडी पावसाच्या भीतीने बंद खोलीत नेली, तर तेथील माणसांना धोक्याची जाणीव होण्यापूर्वीच ग्लानी येते.

दुसरा मोह रेग्युलेटरचा. सिलिंडरमध्ये गॅस वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली द्रवरूपात असतो. घरगुती रेग्युलेटर तो दाब सुमारे ३० मिलिबारपर्यंत खाली आणतो, आणि घरगुती शेगडी व नळी तेवढ्याच दाबासाठी केलेली असते. भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर तिला जोडणे म्हणजे हातमागाच्या सुताला दोरखंडाचे काम सांगणे होय.

तिसरी चूक अत्यंत निरागस दिसते. जिथे बर्नर थेट सिलिंडरच्या माथ्यावर बसतो, तिथे वर भलामोठा तवा ठेवला, किंवा वाऱ्यापासून ज्योत राखण्यासाठी भोवती पत्र्याचे कडे केले, तर उष्णता खाली परतते आणि सिलिंडर तापवू लागते. वाऱ्याचा आडोसा ज्योतीपुरताच असावा. सिलिंडरला मोकळी हवा हवीच. मोठा तवा वापरावयाचा असेल तर शेगडी सिलिंडरपासून दूर ठेवून योग्य नळीने जोडावी.

चौथी गोष्ट सर्वांत घातक, आणि ती हौसेपेक्षा नाइलाजातून घडते. लहान सिलिंडर संपला की घरातील १४.२ किलोच्या सिलिंडरमधून तो भरून घेतला जातो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या आदेशाने असे करणे गुन्हा आहे. पण कायद्याहून निसर्ग कठोर आहे. कारखान्यात सिलिंडर वजनावर भरतात आणि वर वाफेसाठी जागा राखतात. कारण द्रव तापला की फुगतो. घरी अंदाजाने काठोकाठ भरलेला सिलिंडर आपल्या ४२ अंशांच्या उन्हाळ्यात फुगणाऱ्या द्रवाला जागा कोठून देणार? शिवाय भरताना निसटणारा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि दूरच्या एका ठिणगीची वाट पाहतो.

येथे केवळ नागरिकांस दोष देऊन भागणार नाही. तेल कंपन्यांनी २०१३ पासून पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्रावर देण्यास आरंभ केला, ही गोष्ट स्तुत्य होती. परंतु तो घरगुती अनुदानाच्या दराने मिळत नाही. खोली भाड्याने घेऊन राहणारा विद्यार्थी किंवा कामगार याला चोरटी भरणी स्वस्त पडते, हे सत्य कोणी नाकारू नये. अधिकृत लहान सिलिंडर परवडण्याजोग्या दराने आणि वस्तीजवळ मिळाला, तर चोरटी भरणी करणाऱ्यांचा धंदा आपोआप बसेल. वितरकांनी आणि महानगरपालिकेच्या अग्निशामक दलाने हुरड्याच्या हंगामात मोहल्ल्यांतून दोन प्रात्यक्षिके दाखविली, तर शंभर छापील सूचनांचे काम होईल.

नागरिकांनी करावयाचे थोडकेच आहे. जोडणी झाल्यावर सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडा आला तर गळती आहे. काडी ओढून परीक्षा कधीही घेऊ नये. नळी जुनी किंवा चिरलेली असल्यास दया न दाखविता टाकून द्यावी. वास आलाच तर व्हॉल्व्ह बंद करावा, विजेच्या बटणास हात लावू नये आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आग लागून आठ जीव गेले. त्या आगीचा घरगुती गॅसशी संबंध आम्ही जोडत नाही. पण आग क्षमा करीत नाही, हे या शहरास वेगळे शिकविण्याची गरज उरलेली नाही. हुरड्याचा घास गोड लागतो तो भोवती आपली माणसे असतात म्हणून. ज्याने एवढ्या कल्पकतेने जाळी घडविली, त्याने तीच बुद्धी खालच्या भागाला हात न लावण्यात दाखवावी, एवढीच आमची विनंती आहे.