बंदराचे वैभव कोणासाठी?

२० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. या धक्क्याचे आकर्षण जुनेच आहे. विलायतेच्या बोटीतून गोरे अधिकारी येथे उतरत आणि १९२८ पासून धक्क्यालगतच्या मोल स्थानकातून फ्रंटियर मेलने पेशावरकडे जात. सामान्य कोकणी माणसाच्या वाट्याला आला तो भाऊचा धक्का. तेथून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली व सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे कोकण किनाऱ्याची जुनी आगबोट वाहतूकही बंद पडली.

क्रूझ जहाज हे तरंगते हॉटेलच होय. प्रवाशाचा बराचसा खर्च जहाजावरच होतो. जहाजावर झेंडा बहुधा पनामाचा वा बहामाचा असतो. यजमान शहराला लाभते ती काही तासांची वर्दळ.

पर्यटनाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु बंदर ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणूनच क्रूझपासून मिळणाऱ्या धक्काभाड्याचा निश्चित हिस्सा भाऊच्या धक्क्यावरील व कोकणच्या बंदरांतील प्रवासी सोयींसाठी राखून ठेवण्याची तरतूद शासनाने केली पाहिजे.