शुद्ध केलेली आजी

दिवाळीच्या फराळाप्रमाणे शोधनिबंधही आता तयार मिळू लागला आहे. आमच्या चाकुरात पूर्वी निबंध नीटनेटका छापून घ्यायचा म्हणजे डी.टी.पी.च्या दुकानात चार खेटे घालावे लागत. आता फोनला विषय सांगावा. प्रस्तावना, विवेचन, निष्कर्ष आणि संदर्भसूची असे भरले ताट चहा निवायच्या आत पुढे येते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची ही किमया घरोघरी पोचली.

या यंत्रावर माझा राग नाही. छपाईच्या बाबतीत तर त्याचे उपकारच मानले पाहिजेत. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने आपल्याच ग्रंथाची बेढब मुद्रिते पाहून १९७७ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली. थोडक्यात उरकेलसे वाटलेले काम दहा वर्षांवर चालले. तिच्याच पायावर लेस्ली लँपोर्ट यांनी ‘लाटेक’ उभारले. गणिताच्या प्राध्यापकांना ते वरदान ठरले. आम्हा मराठीवाल्यांना मात्र त्यातल्या आज्ञा म्हणजे निव्वळ मंत्रतंत्र! आता ‘समास रुंद सोडा, तळटिपा खाली घ्या’ असे सरळ मराठीत सांगितले की यंत्र त्या आज्ञा लिहून देते.

पण परवा एका विद्यार्थ्याने निबंध आणून दिला आणि मी थबकलो. विषय होता आपल्या गावची बोली. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली. उर्दू, कानडी, तेलुगू यांचा शेजार. त्या सगळ्याची खूण बोलण्यात राहिली आहे. पोराने आजीजवळ बसून तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, मेहनतीने उतरवून काढले आणि ‘नीट करून दे’ म्हणून यंत्रापुढे ठेवले. ‘काय करूलालास?’ हा आजीचा प्रश्न. निबंधात तो ‘काय करतो आहेस?’ असा छापून आला. लातूरकडची आजी एका रात्रीत सदाशिव पेठेत राहायला गेली!

‘‘सर, भाषा शुद्ध झाली की!’’ पोरगा म्हणाला.

‘‘झाली खरी. पण बाबा, तुझा विषय कुठं राहिला?’’

संदर्भसूचीची तऱ्हा आणखी निराळी. लेखकांची नावे भारदस्त, पृष्ठांक चोख. पण त्यांतले काही ग्रंथ शोधूनही सापडेनात. यात यंत्राची लबाडी नाही. वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द शोभेल, याचा ते अदमास बांधते. शोभणारे आणि असणारे यांतला फरक आपण पाहायचा. छापलेली मराठी बहुतेक प्रमाण वळणाची. आजीचे बोलणे फारसे छापलेच गेले नाही, मग ते त्याला ठाऊक कुठून असणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपलीकडच्या उसनवारीला शिक्षा आहे. पण जे पुस्तक नाहीच, त्याच्याशी मजकूर जुळणार कसा? असा निबंध त्या हिशेबात सोवळाच ठरतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्यामागे शब्द वेचून आणणाऱ्या शास्त्रीमंडळींचे श्रम होते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मानात आजीच्या ‘करूलालास’चाही वाटा आहे.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी मुलेमुली एम.ए., पीएच.डी. करीत असतील त्यांनी एवढे जरूर सांगावे : समास, तळटिपा, सूचीची मांडणी खुशाल यंत्राकडे द्या. सूचीतले प्रत्येक पुस्तक मात्र स्वतः उघडून पाहा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे शब्द गाव आणि तारीख घालून जसेच्या तसे उतरवा. त्यांवर कोणाचाही हात फिरू देऊ नका. निबंध पुढच्या वर्षीही लिहिता येतो. आजीचे बोलणे ती आहे तोवरच टिपता येते.