हाफकिनचे काम निविदांचे नव्हे

शासकीय रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपवण्याचा राज्य शासनाचा निर्णय योग्य असला, तरी 2017 मध्ये हे ओझे हाफकिनच्या माथी मारलेच का गेले, या प्रश्नाचे उत्तर शासनाला द्यावेच लागेल. लस आणि प्रतिविष तयार करणे हे हाफकिनचे काम आहे, निविदा काढणे नव्हे. मुंबईत 1896 मध्ये प्लेग पसरल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावरील लस तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि 1899 मध्ये परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. तिला 1925 मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. त्या नावाने औषधांच्या तुटवड्याबद्दल बोल खावेत, ही शासनाला लाज आणणारी गोष्ट आहे.

मुळात 1975 मध्ये संशोधन संस्था आणि उत्पादन करणारे महामंडळ असे हाफकिनचे दोन भाग झाले, आणि महामंडळाला पुढे खरेदीला जुंपले गेले. एप्रिल 2021 मध्ये कोव्हॅक्सिनच्या उत्पादनाला परवानगी मिळाली खरी, पण ती लस येथून बाहेर पडण्याआधीच साथ ओसरली.

हाफकिनचे मूळ काम असे मागे पडल्याची झळ सांगली जिल्ह्यातील आष्ट्यासारख्या ऊसपट्ट्याला अधिक बसते, कारण उसाच्या फडात घोणस नेहमीची आहे आणि दंश झालेल्या तोडणी मजुराचा जीव प्रतिविषावर, म्हणजे घोड्याला विषाची अल्प मात्रा पुन्हा पुन्हा देऊन त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून बनवलेल्या औषधावर, अवलंबून असतो. देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे तिकडच्या विषावर बेतलेले औषध वाळवा-शिराळ्याच्या घोणशीवर तितकेच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. हे तपासणे हाफकिनचे काम आहे. नागपंचमीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याच्या परिसराला तरी हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

खरेदीसाठी शासनाने कायदा केला, प्राधिकरण नेमले. तेवढीच तत्परता संशोधनासाठी दाखवून महाराष्ट्रातील सर्पविषांच्या अभ्यासाचे काम हाफकिनकडे सोपवावे आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी.