हवापालट करावा, पण कुठे?

मीरा रोडहून एका बहिणीने विचारले आहे: “आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. नयानगरातल्या भाड्याच्या घराचा करार दोन महिन्यांत संपतो. सासूबाई म्हणतात, पोराला म्हसळ्याला गावी घेऊन या, इथली हवा स्वच्छ आहे. चाचा भिवंडीतली रिकामी खोली द्यायला तयार आहेत, भाडे वाचेल. शेजारीण म्हणते, उत्तनला समुद्राजवळ घर घ्या. सगळे मायेनेच सांगतात, पण माझे डोके चालत नाही. आम्ही कुठे जावे?” नाव छापू नका असे त्यांनी कळवले होते, म्हणून ते छापलेले नाही. प्रश्न मात्र एकट्या त्यांचा नाही. दमा असो, फुफ्फुसाचे दुसरे जुने दुखणे असो, अशा प्रत्येक घरात कधी ना कधी हवापालटाची गोष्ट निघतेच.

आधी एक गैरसमज दूर करू. हा आजार मीरा रोडच्या हवेने झालेला नाही, आणि आईच्या खाण्यापिण्यानेही नाही. शरीरातल्या एका जनुकात जन्मापासूनच दोष असतो. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांना ते जनुक सापडले. आई आणि वडील दोघांकडूनही दोषी जनुक आले, तरच मुलाला आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या नात्यात लग्न झाले असेल, तर दोघांकडे एकच दोषी जनुक असण्याची शक्यता वाढते. म्हणून पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी, किंवा घरात चुलत-मावस भावंडांची सोयरीक ठरवण्याआधी, डॉक्टरांकडून जनुकीय सल्ला घ्यावा. पण दोष सुनेच्या एकटीच्या माथी मारणाऱ्यांना तुम्ही ठामपणे सांगा: यात दोघांचा वाटा सारखा आहे, आणि अपराध कोणाचाच नाही.

याचा घराशी संबंध काय? तो असा, की घर बदलून हा आजार जाणार नाही. घर बदलून एवढेच साधते, की फुफ्फुसावरचा बोजा कमी होतो आणि रोजचे उपचार चुकत नाहीत. ही दोन कामे जे घर करील, ते चांगले घर.

या मुलांच्या शरीरातला स्राव घट्ट आणि चिकट असतो. छातीत कफ साठतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, म्हणून खाल्लेले अंगी लागत नाही. घामातून मीठ फार जाते. मुलाचा मुका घेतला की ओठांना खारट लागते, हे कित्येक आयांनी डॉक्टरांच्या आधी ओळखलेले असते. निदानासाठी घामाचीच तपासणी करतात. त्यातले क्लोराइड ६० किंवा त्याहून जास्त भरले तर आजाराची खूण पटते. आपल्याकडे मात्र खोकला, ताप आणि वजन घटणे दिसले की आधी टीबी समजला जातो, आणि अनेक मुलांचे महिनेच्या महिने त्या औषधांत जातात. तुमच्या मुलाचे निदान झाले आहे, ही निम्मी लढाई झाली असे समजा.

आता एकेक जागा पाहू.

म्हसळ्याकडची हवा धूर-धुळीच्या मानाने नक्कीच चांगली. पण गावातल्या घरात चूल पेटते का? भातशेतीआधी राब भाजतात, तो धूर अंगणात येतो का? कोकणात पावसाचे चार महिने भिंती ओल्या राहतात आणि ओलीवर बुरशी धरते. या मुलांच्या फुफ्फुसांना त्या बुरशीचा त्रास मोठा होतो. किनारपट्टीच्या चिखल-पाण्यात एक जंतूही असतो, त्यातून मेलिऑयडोसिस नावाचा गंभीर आजार होतो, आणि सिस्टिक फायब्रोसिस असलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो. म्हणून भातखाचरात अनवाणी खेळणे या मुलाला नको. वाफारा देणारा नेब्युलायझर विजेवर चालतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. आणि रात्री श्वास लागला तर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाला पोचायला पाच-सहा तास. दादीकडे सुट्टीत आठ-पंधरा दिवस जरूर जा. नातवाला दादीही हवी आणि दादीला नातू. पण कायमचे घर तिथे नको.

भिवंडीची खोली फुकट आहे, ही साधी गोष्ट नाही. औषधांच्या खर्चात भाड्याचे पैसे वाचले तर कोणाला नको असतात? पण खोलीच्या आसपास यंत्रमाग असतील तर सुताची बारीक धूळ हवेत राहणार, आणि गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांचा धूर वेगळाच. चाचांना नाराज करू नका. त्यांना सांगा, खोली भाड्याने द्या आणि त्यातून जमेल तेवढी मदत आमच्या भाड्याला करा. नात्यात हे बोलायला जड जाते, पण मुलाच्या छातीपेक्षा संकोच मोठा नाही.

कोणी मालेगाव, जळगाव किंवा नागपूरकडे बोलावले तर तिथल्या उन्हाळ्याचा विचार करा. कडक उन्हात या मुलांच्या अंगातले मीठ इतके जाते, की मूल गळून जाते, उलट्या होतात आणि सलाइन लावायची वेळ येते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा अशीच मुले रुग्णालयात येऊ लागली. त्यावरूनच घामातल्या मिठाचा शोध लागला. मीरा-भाईंदरचा पारा तितका चढत नसला, तरी दमट हवेत घाम सारखा वाहतो. जादा मीठ आणि पाणी किती द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. मूल एकाएकी मलूल झाले, उलट्या करू लागले, तर घरी वाट पाहू नका.

उत्तनचा समुद्र शेजारणीला उगाच आठवला नाही. ऑस्ट्रेलियात समुद्राच्या लाटांवर खेळणाऱ्या रुग्णांना बरे वाटते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यातून खारट पाण्याच्या वाफाऱ्याची तपासणी झाली आणि २००६ मध्ये त्याचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले. पण तो वाफारा ७ टक्के मिठाचा असतो. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के. म्हणजे किनाऱ्यावर बसून नेब्युलायझरचे काम होत नाही. शिवाय उत्तनला कचऱ्याचा डोंगर आहे. तिथे आग लागली की धुराचा त्रास होतो, म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षे ओरड करत आले आहेत. संध्याकाळी फिरायला उत्तन ठीक. घर घ्यायचे तर वारा कचऱ्याकडून कोणत्या बाजूला वाहतो, ते आधी पाहावे लागेल.

पाचगणीचे नावही कोणीतरी काढेलच. टीबीवर औषध नव्हते, त्या काळात रुग्णांना तिथल्या आरोग्यधामात ठेवत, आणि ‘हवापालट’ हा शब्द तेव्हापासून आपल्या घराघरांत रुजला. त्या काळी हवा हाच उपचार होता. आज उपचार रुग्णालयात आणि औषधाच्या डब्यात आहे, म्हणून त्याच्यापासून लांब जाणे परवडणारे नाही.

आमचे मत असे, की तुम्ही मीरा-भाईंदरमध्येच राहा, पण घर बदला. पहिले कारण रेल्वे. परळचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे, आणि अशा केंद्रातून होणाऱ्या उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिथे नोंदणी केली नसेल तर या महिन्यातच चौकशी करा. या मुलांना साधारण दर तीन महिन्यांनी तज्ज्ञांना दाखवावे लागते. मीरा रोडहून लोकलने ते एका दिवसात होते. दुसरे कारण माणसे. सकाळ-संध्याकाळ छाती थोपटून कफ मोकळा करायचा, वाफारा द्यायचा, जेवताना कॅप्सूल द्यायच्या. एकट्या आईने हे वर्षानुवर्षे ओढणे कठीण. मावशी, शेजारीण, ओळखीचा केमिस्ट आणि समजूतदार शिक्षिका जिथे आहेत, ती जागा सहज सोडू नये.

घर पाहताना इतके करा.

घर पावसाळ्यात पाहा. मार्चमध्ये नवा रंग मारलेली भिंत काही सांगत नाही. जुलैमध्ये कपाटामागची भिंत सगळे सांगते. आपल्या शहराचा बराच भाग मिठागरे आणि खाजणाच्या सखल जमिनीवर उभा आहे. तळमजल्यावर पाणी भरते, सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्ची गळते. म्हणून लिफ्ट असलेल्या इमारतीतला मधला मजला बघा. न्हाणीघराला खिडकी हवी आणि घरात आरपार वारा हवा.

डक्टमध्ये आणि खिडकीच्या पट्टीवर कबुतरे बसतात का पाहा. त्यांची विष्ठा आणि पिसे फुफ्फुसाला वाईट. खाली तंदूर, बेकरी किंवा गॅरेज नको. काशीमिऱ्याकडच्या महामार्गाला, सिमेंट काँक्रीटच्या प्लांटला किंवा चालू बांधकामाला लागून असलेली इमारत नको. समोर रिकामा प्लॉट असेल तर तिथे काय उठणार आहे, ते विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा आकडा रोज दिसतो. हिवाळ्यात आपल्याकडची हवा सर्वांत वाईट असते, तेव्हा तो पाहूनच मुलाला मैदानात पाठवा.

पाण्याची चौकशी करा. आपल्याकडे पाणी रोज पुरेसे येत नाही, पिंप-बादल्यांत साठवावे लागते, टँकर येतो. साठलेल्या पाण्यात आणि ओल्या नळी-भांड्यांत या मुलांना घातक असणारे जंतू वाढतात. टाकी कधी धुतली, ते सोसायटीला विचारा. नेब्युलायझरचे भाग प्रत्येक वेळी धुऊन, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उकळून, पूर्ण कोरडे करूनच ठेवा.

घर शोधताना आपल्याला सगळी दारे उघडी नसतात, हे आम्ही जाणतो. खोल्या किती ते सांगण्याआधी नाव विचारले जाते. त्यामुळे मनासारखे घर एका फेरीत मिळणार नाही. म्हणून लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांच्या करारावर घ्या आणि एक पावसाळा काढून पाहा. मुलाचे खोकल्याचे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. ते आकडे डॉक्टरांनाही उपयोगी पडतील.

सगळे निकष एका घरात जुळणार नाहीत. तेव्हा क्रम असा लावा: ओल आणि धूर नसलेले घर पहिले, रुग्णालयाची वाट दुसरी, माणसांचा आधार तिसरा, आणि खोल्या मोठ्या की लहान हे शेवटी.

घर चांगले मिळाले तरी घरात काय जळते ते तुमच्या हातात आहे. जुमेरातचा लोबान, डासांची अगरबत्ती आणि पाहुण्यांची सिगारेट, तिन्ही बंद. वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल, पण समजावून सांगितले तर नातवासाठी ते ऐकतात.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. याच आजाराचे दुसरे मूल जवळपास असेल, तर आधार मिळेल म्हणून त्यांच्या शेजारी राहायला जाऊ नका. या रुग्णांचे जंतू एकमेकांना लागतात, म्हणून त्यांनी किमान सहा फूट अंतर ठेवावे असे डॉक्टर सांगतात. आयांनी फोनवर भरपूर बोलावे. मुलांनी एका खोलीत खेळू नये.

कॅप्सूलबद्दलही बोलले पाहिजे, कारण घर नातेवाईकांजवळ असले की हा विषय निघतो. जेवणाबरोबरच्या या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. कोणीतरी हे वाचते आणि “हराम आहे, देऊ नका” म्हणते. नाइलाजात, जिवावर बेतल्यावर दिलेली सवलत कुरआनातच आहे, आणि या मुलासाठी ही कॅप्सूल म्हणजे अन्न अंगी लागण्याचा मार्ग आहे. मनात शंका असेल तर जाणत्या आलिमांना आणि डॉक्टरांना एकत्र विचारा. उत्तर मिळेपर्यंत एकही कॅप्सूल चुकवू नका.

१९५० च्या दशकात या आजाराची फार थोडी मुले शाळेत जाण्याइतकी जगत. आज चांगले उपचार मिळतात त्या देशांत ती मोठी होतात, नोकरी करतात, संसार करतात. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या नव्या गोळ्यांनी अनेकांचे आयुष्य पालटले. किंमत मात्र आपल्या आवाक्याबाहेर आहे. ती खाली येईल तेव्हा तुमच्या मुलाची फुफ्फुसे ते औषध घेण्याइतकी शाबूत असावीत, यासाठी आजची ही धडपड. म्हणून करार संपण्याआधीच्या या दोन महिन्यांत रोज एक तरी घर बघा, आणि भिंतीला हात लावून बघा. तुमच्या लेकरासाठी आम्ही सगळे दुआ करतो.