कॅम्पर व्हॅनला वीज मिळते, पण अर्थिंगचं काय?

पाऊस ओसरला की कोल्हापूर, बेळगावकडून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यांवर पर्यटकांची वर्दळ वाढते. या गर्दीत आता अधूनमधून कॅम्पर व्हॅनही दिसते. आत झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, एखाद्या गाडीत एसीसुद्धा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. चर्चा झाली ती जागेची, सवलतींची, रोजगाराची. गाडी रात्री जिथे थांबते तिथल्या विजेच्या बोर्डाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. जिवाशी गाठ आहे ती तिथेच.

चोर्ला घाटाचंच बघा. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या हद्दी इथे जवळ येतात. बेळगावकडे वीज हेस्कॉमची, दोडामार्गला महावितरणची, सत्तरीत गोव्याच्या वीज खात्याची. खातं बदलतं, पण वीज सगळीकडे २३० व्होल्टचीच. शॉक बसला तर तो हद्द बघून बसत नाही.

घरातल्या विजेपेक्षा व्हॅनचा प्रश्न वेगळा का, हे आधी समजून घेऊ. व्हॅन म्हणजे रबरी टायरवर उभा असलेला लोखंडी डबा. टायरमुळे तिचा जमिनीशी संबंध जवळजवळ तुटलेला असतो. आत एखादी वायर सोलली आणि फेज बॉडीला टेकली, तर अर्थिंग नसताना अख्खी गाडी करंट धरून बसते. आत बसलेल्याला काही कळतही नाही. ओल्या जमिनीवर उभं राहून जो दाराला हात लावतो, त्याच्या अंगातून करंट जमिनीत जातो. आपल्याकडचा पाऊस आणि ओल लक्षात घेतली, तर धोका किती वाढतो हे सांगायला नको.

‘एमसीबी आहे की!’ असं बरेच जण म्हणतात. पण १६ अँपिअरची एमसीबी पडते ती लोड वाढल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर. माणसाचा जीव जायला अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजावा इतका, काही दशक मिलिअँपिअर करंट पुरतो. त्यासाठी आरसीसीबी लागते. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतो का, हे ती बघते आणि साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात वीज तोडते. अर्थिंग चांगलं असेल तर बिघाड होताच ती पडते. अर्थिंग नसेल तर पडण्यासाठी आधी कुणालातरी शॉक बसावा लागतो. म्हणून दोन्ही हवं.

युरोपात कॅम्पिंगच्या जागी उघड्यावर चालणारं, निळं तीन पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट सर्रास असतं. तिथल्या मानकानुसार प्रत्येक सॉकेटला ३० मिलिअँपिअरचं वेगळं संरक्षण लागतं. आपल्याकडे बऱ्याचदा ढाब्याच्या किंवा होम-स्टेच्या भिंतीवरचा साधा बोर्ड आणि खिडकीतून काढलेली वायर, एवढ्यावर भागवलं जातं.

लोडचा हिशेबही करायला हवा. १६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण ३,६८० वॅट चालतात. इंडक्शन २,००० वॅटचा, किटली १,५०० ची आणि वर एसी, की मर्यादा ओलांडली. ६ अँपिअरवर तर जेमतेम १,३८० वॅट. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारा अडॅप्टर बाजारात मिळतो. पिन बसते, पण सॉकेटची ताकद वाढत नाही. ते तापतं, वितळतं.

मुक्कामाला थांबल्यावर एवढं तरी करा. तीन लाइटचा सॉकेट टेस्टर जवळ ठेवा. अर्थ तुटलेला आहे का, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, हे तो दाखवतो. अर्थिंग किती चांगलं आहे हे मात्र त्यावरून कळत नाही, ते लायसन्सधारक वायरमनकडूनच तपासून घ्यावं लागतं. केबल तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची घ्या आणि २५ मीटरपेक्षा लांब नको. ती पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली केबल तापते. जोड पाण्यात किंवा जमिनीवर ठेवू नका. आधी व्हॅनचा मेन स्विच बंद करा, केबल व्हॅनला जोडा, मग बोर्डाला. काढताना उलटं, आधी बोर्डाकडून. व्हॅनमध्ये स्वतःची आरसीसीबी बसवा आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. बॉडीला झिणझिण्या जाणवल्या तर थेट बोर्डावरून वीज तोडा, ‘चालतंय की’ म्हणू नका. अर्थिंग नसेल तर त्या रात्री बॅटरीवर भागवा.

पण सगळा भार पर्यटकावर टाकून चालणार नाही. विद्युत निरीक्षक तिन्ही राज्यांत आहेत. मुक्कामाच्या जागेला परवानगी किंवा नोंदणी देतानाच प्रत्येक पॉइंटला आरसीसीबी आणि दरवर्षी अर्थिंगची तपासणी, एवढ्या दोन अटी घातल्या तर फार खर्च येत नाही. भाषा आणि हद्दीवरून आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चाललेत. निदान अर्थिंगचा नियम तरी तिन्ही बाजूंना एकच असावा.